जाहीर होण्याआधीचे अकरा महिने : भुकेवर पाळत ठेवण्याचं काम कसं करतात

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मराठीत पावसानं ओढ दिली तरी दुष्काळ, आणि माणसं भुकेनं मेली तरी दुष्काळच. आपल्याकडे तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला म्हणजे शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, टँकर सुरू. भुकेवर पाळत ठेवण्याच्या क्षेत्रात ज्याला ‘फॅमिन’ म्हणतात, तो शब्द मात्र मेलेली माणसं मोजल्याखेरीज सहसा वापरता येत नाही. म्हणून या लेखात पावसाच्या ओढीला अवर्षण म्हणतो आणि दुसऱ्याला फॅमिनच.

२० जुलै २०११ला संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात, बकूलचा दक्षिण भाग आणि लोअर शबेले इथे, फॅमिन जाहीर केलं. नंतरच्या अभ्यासात ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळातले जादा मृत्यू सुमारे २ लाख ५८ हजार निघाले. त्यातली १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालची मुलं. जवळपास निम्मी माणसं जाहीर होण्याआधीच गेलेली होती. आणि पहिला इशारा? ऑगस्ट २०१० मधला. म्हणजे हाताशी अकरा महिने होते.

या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आकडे आधी सांगतो. जाहीर होण्याची तारीख ही पंचनाम्याची तारीख. आपली नोकरी त्याआधीच्या अकरा महिन्यांतली आहे, आणि त्या महिन्यांत काय, कुठे आणि कोणत्या क्रमानं बघायचं ते सोमालियाच्याच उदाहरणानं दाखवतो.

भिंतीवर आधी कॅलेंडर लावा

दक्षिण सोमालियात दोन पावसाळे. एप्रिल ते जूनचा ‘गू’, त्याची कापणी जुलै-ऑगस्टमध्ये. ऑक्टोबर ते डिसेंबरचा ‘देयर’, त्याची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत. देयरनंतर मार्चपर्यंत ‘जिलाल’, म्हणजे रखरखीत कोरडे महिने. २०१०च्या शेवटी ला निनामुळे (प्रशांत महासागराचं पाणी थंड होण्याच्या चक्रामुळे) देयर गेला आणि पाठोपाठ २०११चा गूही हुकला. एक पाऊस गेला तर माणूस तग धरतो. लागोपाठ दोन गेले की कणगीत काही उरत नाही आणि गोठ्यातही.

कॅलेंडरशेजारी नकाशा लावा, पण जिल्ह्यांचा नाही, पोटापाण्याचा. बैदोआ शहराच्या आसपासचा बे प्रांत हा ज्वारीचा पट्टा. जुबा आणि शबेले नद्यांच्या काठी मका. उरलेल्या बऱ्याच भागात उंट आणि शेळ्यामेंढ्या. एकाच अवर्षणाचा फटका तिघांना वेगवेगळ्या महिन्यात बसतो. सोलापूरचा रब्बी ज्वारीवाला आणि यवतमाळचा कापूसवाला एकाच तक्त्यात बसवले तर जो घोळ होईल, तोच इथे होतो. प्रत्येक पट्ट्यातल्या गरीब घरासाठी एक कागद करा: वर्षाचं धान्य किती महिने स्वतःचं, किती महिने विकतचं, पैसा कशातून येतो, अडचणीत पहिली वस्तू कोणती विकतात. हा कागद नसेल तर पुढचे सगळे आकडे लटकते राहतात.

पाऊस बघा, पण त्यात अडकू नका

नवखी पोरं इथेच रमतात, कारण नकाशे रंगीत असतात. उपग्रह आणि पर्जन्यमापक यांचा मेळ घालून केलेली ‘चर्प्स’ ही पावसाची आकडेवारी १९८१पासूनची, सुमारे पाच किलोमीटरच्या चौकटीत, फुकट मिळते. दर दहा दिवसांचा पाऊस सरासरीशी ताडून बघा, पेरणी वेळेवर झाली का बघा, हिरवळीचा निर्देशांक बघा. पूर्व आफ्रिकेच्या हंगामी अंदाजासाठी ‘इकपॅक’ या प्रादेशिक हवामान केंद्राची बैठक हंगामाआधी होते, ती चुकवू नका. एवढं पुरे. पावसाचा नकाशा पीक कुठे जाईल ते सांगतो. जेवण कोणाचं जाईल ते सांगत नाही.

खरा इशारा बाजारात असतो

लाल ज्वारी हे दक्षिण सोमालियातल्या गरिबाचं धान्य. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्यांच्या घरी खाल्ली गेली, त्यांना तिचा रंग वेगळा सांगायला नको. तिचा भाव दर आठवड्याला हवा. पण नुसता भाव अर्धवट माहिती देतो. सोबत तीन गोष्टी हव्यात: स्थानिक शेळीचा भाव, बिगाऱ्याची एका दिवसाची मजुरी, आणि उधारी मिळते आहे का.

मग भागाकार करा. एक शेळी विकली तर किती किलो ज्वारी येते? समजा (हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत) चांगल्या काळात एका शेळीला १०० किलो येत होती. माणशी रोज २,१०० कॅलरी धरल्या तर सहा जणांच्या घराला नुसत्या ज्वारीवर राहायचं झालं तरी दिवसाला पावणेचार किलो लागते. म्हणजे एक शेळी साडेतीन-पावणेचार आठवडे पुरते. आता ज्वारी दुप्पट महागली आणि चाऱ्याअभावी खंगलेली शेळी निम्म्या भावाला गेली. दोन्ही बदल वेगवेगळे वाचले तर ‘महागाई वाढली’ एवढंच दिसतं. भागाकार केला की शेळीला २५ किलो, म्हणजे आठवडाही नाही. घरात आठ शेळ्या असतील तर दोन महिन्यांत दावणीला काही उरणार नाही. ही तारीख तुम्हाला आज काढता येते. वजनकाट्यावर मूल हलकं भरेपर्यंत थांबायची गरज नाही.

२०१०-११ मध्ये नेमकं हेच चाललं होतं. पीक गेलं म्हणून ज्वारी महाग, शेतात काम नाही म्हणून मजुरी पडलेली, सगळेच जनावरं विकायला काढतात म्हणून त्यांचा भाव कोसळलेला. त्यात जगभर धान्याचे भाव चढलेले. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या धमक्या आणि अटींमुळे जानेवारी २०१०लाच दक्षिणेतल्या बऱ्याच भागातून काम थांबवलेलं. म्हणजे आधाराचा टेकूही नव्हता.

बाजारात भावाखेरीज काय बघायचं, हे आपल्याच जुन्या सरकारी कागदांत आहे. १८७६-७८च्या फॅमिननंतर ब्रिटिशांनी जे फॅमिन कोड (दुष्काळात काय करायचं त्याचे सरकारी नियम) केले, त्या परंपरेत धोक्याच्या खुणा नोंदवलेल्या आहेत: दानधर्म आटणं, उधारी बंद होणं, धान्याच्या व्यापारात अचानक लगबग, चोऱ्या वाढणं, गुरं अवेळी दुसऱ्या मुलखाकडे निघणं, माणसं विनाकारण भटकायला लागणं. सव्वाशे वर्षांनी ही यादी मी मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये जशीच्या तशी टाकली आहे, आणि तिनं निराश केलेलं नाही.

उलट बाजूही आठवा. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पिकं गेलेलीच होती. पण खडी फोडून हातात रोकड येत होती, म्हणून धान्य गावाकडे वळलं. अवर्षणाचं फॅमिन होतं की नाही, ते या रोकडीवर ठरतं.

भाव गोळा करणाऱ्या माणसाची काळजी घ्या. आमच्याकडे एका बाजारातून सलग तीन आठवडे शेळीचा भाव पैशापर्यंत सारखाच आला. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. नंतर कळलं, रस्ता बंद होता आणि तो घरी बसून मागचाच आकडा भरत होता. त्याचा दोष कमी, आमचा जास्त, कारण ‘बाजारात जाता आलं नाही’ असं लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तो रकाना ठेवा. बाजार बंद असणं ही महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी असू शकते.

घरात शिरून काय विचारायचं

इथे तीन मापं चालतात. पहिलं आहारगुण. गेल्या सात दिवसांत कोणता पदार्थ किती दिवस खाल्ला ते विचारून वजनानं गुणायचं: धान्य २, डाळी ३, भाजी १, फळं १, मांस-मासे-अंडी ४, दूध ४, साखर अर्धा, तेल अर्धा. बेरीज २१ किंवा कमी म्हणजे अपुरा आहार, ३५पर्यंत काठावरचा, त्यापुढे ठीक. जिथे तेल-साखर जवळपास रोजच असते तिथे या रेघा २८ आणि ४२ धरतात.

वाचायला सोपं वाटतं. आता एक घर घ्या. धान्य सातही दिवस, म्हणजे १४. डाळ दोन दिवस, ६. भाजी दोन दिवस, २. तेल पाच दिवस, अडीच. साखर रोज, साडेतीन. बेरीज २८, म्हणजे घर काठावर, आणि दुसऱ्या रेघेनं तर अपुरंच. एवढ्यात तुमचा पोरगा विचारतो, “मावशी, दूध किती दिवस?” मावशी म्हणते, “रोजच की, चहात घालतो ना.” पोरगा लिहितो सात. सात चोक अठ्ठावीस, बेरीज ५६, घर एकदम सुखवस्तू! चहातलं दूध दूध म्हणून धरायचं नाही, ते चवीपुरतं. तसंच भाकरीसोबतची चिमूटभर चटणी ही भाजी नव्हे. सोमालियातही दूध घातलेला चहा पितात, तिथेही हीच चूक होते. प्रशिक्षणाचा अर्धा दिवस या एका प्रश्नावर घालवा. मी घालवतो, आणि लोक कंटाळतात.

दुसरं माप काटकसरीचं. गेल्या सात दिवसांत किती दिवस हलकं, स्वस्त धान्य खाल्लं (वजन १), उसनं आणलं (२), ताटात कमी वाढलं (१), पोरांना मिळावं म्हणून मोठ्यांनी कमी खाल्लं (३), वेळा कमी केल्या (१). जास्तीत जास्त बेरीज ५६. तीनपर्यंत सर्वसाधारण, ४ ते १८ ताणाची, १९ आणि त्यापुढे संकटाची. यातल्या तीन वजनाच्या प्रश्नाचं उत्तर पुरुषाकडून घेऊ नका. बाई शेवटी जेवायला बसते, टोपलीत काय उरलं होतं ते तिलाच ठाऊक. शक्यतो बाईनंच बाईला विचारावं, आणि सासू शेजारी बसली असेल तर आधी पाण्याच्या, पावसाच्या गप्पा माराव्यात.

तिसरं भुकेचं माप, तीनच प्रश्नांचं, मागच्या तीस दिवसांचं: घरात खायला काहीच नव्हतं असं झालं का, उपाशी झोपलात का, सबंध दिवसरात्र उपाशी काढलीत का. गुण ० ते ६. पाच-सहा गुणांची घरं वाढू लागली की वरिष्ठांना फोन करा, अहवालाची वाट बघू नका.

एक सावधगिरी. काटकसरीचे गुण अचानक उतरले तर आनंदी होऊ नका. कधी कधी उसनं देणारंच कोणी उरलेलं नसतं, म्हणून ‘उसनं आणलं का’ला उत्तर शून्य येतं.

वजन, उंची, दंड आणि मृत्यू

सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन १०० ग्रॅमपर्यंत आणि उंची मिलिमीटरपर्यंत मोजतात. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं. फळीवर टाचा टेकल्या पाहिजेत, गुडघे दाबून धरायला दुसरा माणूस हवा, आणि आई मुलाच्या डोळ्यांसमोर हवी, नाहीतर ते उसळतं आणि दोन सेंटिमीटर हवेत जातात. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून सूज बघायची. खड्डा राहिला तर मूल गंभीर, वजन काहीही असो.

मोजणाऱ्यांना मैदानात पाठवण्याआधी दहा मुलं प्रत्येकाकडून दोनदा मोजून घ्या. ज्याचे स्वतःचेच दोन आकडे जुळत नाहीत त्याला परत शिकवा. आकडे आल्यावर शेवटचा अंक तपासा. सगळ्या उंच्या शून्य आणि पाचवर संपत असतील तर त्या फळीवर नाही, अंदाजानं मोजल्या आहेत. कुपोषण सर्वेक्षणाच्या ‘स्मार्ट’ पद्धतीचं ईएनए हे मोफत सॉफ्टवेअर ही चोरी लगेच पकडतं.

जिथे उंची मोजणं शक्य नाही तिथे दंडघेर. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पट्टी सैल नाही आणि रुततही नाही अशी. १२५ मिलिमीटरखाली तीव्र कुपोषण, ११५खाली अतितीव्र. २२ ऑगस्ट २०२५ला गाझा गव्हर्नरेटमध्ये फॅमिन असल्याचं नोंदवलं गेलं, त्यातला कुपोषणाचा पुरावा दंडघेराच्या मोजणीचा होता.

मृत्युदराचा हिशेब दर दहा हजार माणसांमागे दिवसाला किती, असा करतात. दोन हा फॅमिनचा उंबरठा. कागदावर तो किरकोळ वाटतो. तीन हजार वस्तीचं गाव धरा: नव्वद दिवसांत ५४ मयती. एरवी आपल्याकडे एवढ्या गावात वर्षभरात वीस-बावीस माणसं जातात. लोकांना तारखा आठवत नाहीत, म्हणून ‘रमजानच्या आधी की नंतर’ असं विचारा. आणि मृत तान्ह्या बाळांबद्दल वेगळं, हळू विचारा. ती सांगायची राहून जातात.

पाच पायऱ्यांवर बसवणं

ही सगळी माहिती एका चौकटीत आणायची पद्धत, आयपीसी (इंटिग्रेटेड फूड सिक्युरिटी फेज क्लासिफिकेशन), २००४ मध्ये सोमालियातच जन्मली. पाच टप्पे: पहिला ठीकठाक, दुसरा ताण, तिसरा संकट, चौथा आणीबाणी, पाचवा फॅमिन. एखाद्या भागातली किमान २० टक्के माणसं ज्या टप्प्यात किंवा त्यापुढे असतील, तो त्या भागाचा टप्पा. पाचव्यासाठी तीन गोष्टी लागतात: २० टक्के घरांत अन्नाची पराकोटीची वानवा, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि मृत्युदर दोन किंवा त्यावर. तीनपैकी दोनचाच पुरावा हाती असेल तर तिसऱ्याबद्दल तज्ज्ञांची पुनरावलोकन समिती तारतम्यानं ठरवते.

वर्गीकरण बंद खोलीत, सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहमतीनं होतं. तिथे दबाव असतो, हे आधीच माहीत असू द्या. सुदानमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीतलं फॅमिन ऑगस्ट २०२४ मध्ये समोर आलं आणि त्याच डिसेंबरात सुदानच्या सरकारनं या यंत्रणेतून अंग काढून घेतलं. १९४३ला बंगालमध्ये फॅमिन कोड हाताशी असून लागू केला गेला नव्हता. सरकारांना हा शब्द नको असतो. त्यावर उपाय एकच: प्रत्येक आकड्यासोबत तो कोणी, कुठे, कधी, किती घरांतून घेतला याची नोंद, म्हणजे वाद आकड्यावर होतो, तुमच्या हेतूवर नाही.

तिसरा आणि चौथा टप्पा ‘अजून फॅमिन नाही ना’ म्हणून सोडून देऊ नका. माणसं तिथेही मरतात, फक्त मथळा येत नाही.

अंदाज लिहिताना

माझा पहिला अंदाज अजून आठवतो: ‘पाऊस सरासरीपेक्षा कमी राहिल्यास परिस्थिती खालावण्याची शक्यता आहे.’ वरिष्ठ बाईंनी कागद परत केला आणि विचारलं, “किती माणसं? कोणत्या महिन्यापर्यंत? आणि हे खोटं ठरायला काय घडावं लागेल?” या तिन्हींची उत्तरं पहिल्या परिच्छेदात हवीत. गृहीतकं उघड लिहा: पाऊस अमुक, ज्वारीचा भाव अमुकपर्यंत, मदत अमुक टक्के घरांना. पैसे देणारा माणूस अहवाल वाचत नाही, पहिलं पान वाचतो. तिथे ‘चिंताजनक’ या शब्दाला किंमत नाही, ‘मार्चअखेर शेळ्या संपतील’ याला आहे.

या कामात शिरायचं कसं

अर्थशास्त्र, पोषण, लोकसंख्याशास्त्र, भूगोल, कृषी, कुठूनही. पुण्याची गोखले संस्था किंवा देवनारची आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) इथलं शिक्षण उपयोगी पडतं. आयपीसीचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत आहेत. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर शिका, कोबोवर फॉर्म बनवायला शिका. एकाच दुकानावर विसंबू नका: १९८५पासून चालत आलेलं अमेरिकी पैशावरचं फ्यूज नेट हे भुकेच्या आगाऊ इशाऱ्याचं जाळं जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठवल्यामुळे रातोरात बंद पडलं आणि काही महिन्यांनीच पुन्हा उभं राहिलं. त्या काळात अनेकांकडे जुन्या आकड्यांची प्रतही नव्हती. आपली प्रत आपल्याकडे ठेवा.

सरावासाठी आफ्रिकेत जायची गरज नाही. आपल्या तालुक्याचा आठवडी बाजार निवडा. वर्षभर, दर आठवड्याला ज्वारीचा भाव, बोकडाचा भाव, बाईची रोजची मजुरी आणि किराणा दुकानदाराची उधारीची मुदत लिहून ठेवा. ऊसतोडीची उचल यंदा कोणत्या महिन्यात उचलली, तेही. सहा महिन्यांनी पुढच्या तिमाहीचा अंदाज लिहा, पाकिटात घालून बंद करा, आणि वेळ आली की उघडून आकड्यांशी ताडा.

अंदाज चुकला तर का चुकला ते त्याच पाकिटावर लिहायचं. २०२२ मध्ये बैदोआ आणि बुरहकाबा इथे फॅमिनचा अंदाज होता. मदत वाढली, आणि फॅमिन नोंदवलं गेलं नाही. काहींनी लगेच ‘उगाच घाबरवलं’ म्हटलं. मार्च २०२३ मध्ये मोजणी आली: त्या एका वर्षात सोमालियात सुमारे ४३ हजार जादा मृत्यू, आणि त्यात जवळजवळ निम्मी पाच वर्षांखालची मुलं. पाकिटावर हा आकडाही लिहावा लागतो.